ठमीची बैठक

खाजणाच्या या बांधावरून चालत आलात, आता इथं जरा थांबा. सगळा बांध सरळ आहे, फक्त इथंच तो खाडीकडे पोट काढून बसलाय. या जागेला ठमीची बैठक म्हणतात. पलीकडे खाडी, अलीकडे भातशेती, मधे एवढीच माती. ती फुटली की खारं पाणी शेतात, आणि मग तीन वर्षं भाताची आशा सोडायची.

फार जुनी गोष्ट आहे, असं सांगतात. ठमीचं आणि जोमाचं शेत एकमेकांना लागून होतं. एका उधाणात जोमाच्या शेतात पाणी चढलं. ते काढायला त्यानं मधला बांध ठमीच्या बाजूला फोडला. ठमीचा नवरा हशा ते भगदाड बुजवायला उतरला आणि वाहून गेला. जोमाचं भात वाचलं. हा जोमा आमचाच पूर्वज, लपवून काय करायचं? नीच काम केलं त्यानं.

ठमी रडली नाही म्हणे. गावदेवीसमोर गेली आणि नवस बोलली, की जोमाचं शेत खारं होईपर्यंत मी तोंडात मीठ घालणार नाही. तेव्हापासून अळणी भात, अळणी कालवण. दिवसभर चिखलाच्या पाट्या वाहून आपला बांध लिंपायची आणि संध्याकाळी देवळात जाऊन विचारायची, "कधी?" अशी पाच वर्षं गेली. गाव म्हणायचं, सोड आता. ती म्हणायची, "तुमचा कोन वाहून गेला?"

मग वैशाखातल्या अवसेला भर दुपारी मोठी भरती लागली. गाव जेवायला बसलेलं. ठमी कुदळ घेऊन जोमाच्या बांधावर आली. पाहते तर खेकड्याच्या बिळातून पाणी आधीच आत शिरत होतं. कुदळ मारायचीही गरज नव्हती, नुसतं बघत उभं राहिलं तरी पुरे होतं. ती मोठ्यानं हसली म्हणे. आणि हसता हसताच खाली वाकून तिनं चिखलाचा गोळा त्या बिळात कोंबला.

का, ते तिलाही सांगता आलं नाही. आम्हा बांधावरच्या लोकांचा हात पाणी दिसलं की मातीकडे जातो. गोळा टिकेना, बीळ मोठं होत गेलं, तेव्हा ती स्वतःच त्यात बसली आणि जोमाच्या नावानं शिव्या घालायला लागली. त्या ऐकून जोमा धावत आला. पाणी तिच्या छातीला लागलं होतं. त्यानं हात पुढे केला.

"हात नको लावू, मेल्या!" ती ओरडली. "तुजा वाटोला होवो! चिखल टाक, चिखल!"

ओहोटी लागेपर्यंत जोमा तिच्याभोवती चिखल टाकत राहिला आणि ती त्याच्या सात पिढ्या उद्धरत राहिली. बांधाचं हे पोट तेव्हाचं.

तिनं जोमाला माफ केलं असं कुणी सांगितलं तर खोटं समजा. नवस फळला नाही, म्हणून ती मरेपर्यंत अळणी जेवली. देवळात मात्र रोज जायची, देवीशी भांडायला. "मी मागितला काय, आनि तू करवून घेतला काय!" असं म्हणून तिथंच खांबाला टेकायची, आणि म्हणे तिचा डोळा लागायचा. आधीच्या पाच वर्षांत तिला धड झोप आली नव्हती.

आजही वैशाखातल्या अवसेला बांधाची डागडुजी निघते, तेव्हा ज्याच्याशी वैर त्याच्या बांधावर पहिला गोळा टाकायचा, तोही तोंडभर शिव्या घालून. माफी मागायची नाही, द्यायचीही नाही. आमच्या बांधावर ठमीच्या घरचं माणूस येतं. गेल्या वर्षी त्यांची चांगुणा तापानं पडली होती. पाऊस तोंडावर आला होता, तरी दोन दिवस आम्ही कुणी मातीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी ती काठी टेकत आली. आधी जोमाचा उद्धार केला, मग माझा, मग गोळा टाकला. मग आम्ही कामाला लागलो.