पैलतीरीची ओळ

तेरेखोल नदीच्या काठावरील आंबेखोल गावी जत्रेच्या नाटकात ‘हळू हाक रे नाखवा’ हे पद रंगात आले असता गायकनट शेवटच्या ओळीपूर्वी थांबतो. परक्या प्रेक्षकास तो चुकला असे वाटते. या प्रथेच्या काही कथांत पद स्वप्नात लाभले. एका कथेत नाखव्याच्या भुताने दिले. आंबेखोलच्या वृद्धा सांगतात तो पाठ मात्र घरगुती आहे.

आंबेखोलचा भार्गव नाईक नाटक मंडळीत स्त्रीभूमिका करी. वर्षातील आठ महिने मुक्काम परगावी. म्हणे, त्याची लेक जन्मली आणि तापाने गेली, दोन्ही तो दौऱ्यावर असतानाच. पुढे तो घरी आला की पहाटे जात्यावर बायको मथुरा लेकीचे अंगाईगीत गाई. शेवटच्या ओळीपूर्वी मात्र ती थांबे. भार्गवाने ते अपुरे गीत तिला न विचारता नाटकात घातले. शेवट मंडळीच्या कवीने जुळवून दिला. गावोगावी ‘वन्समोर’ मिळू लागला.

मथुरेच्या कानी ते आले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “ता गाणा माज्या चेडवाचा होता. तुमी बाजारात मांडलास.” त्या दिवसापासून जाते मुके झाले. घरात तिचा सूर पुन्हा उमटेल की नाही, याच धास्तीने भार्गव झुरू लागला.

त्या वर्षी मंडळी आंबेखोलच्या जत्रेला आली. आईच्या वेषात भार्गव गाऊ लागला:

हळू हाक रे नाखवा, होडी निजेच्या पाण्यात…

बायकांच्या बाजूस मथुरा बसलेली दिसली, आणि कवीची ओळ त्याच्याने म्हणवेना. त्याने हात वर करून पेटी थांबवली.

“काय हो नाईकानू, ओळ माडावर ठेवून इलास काय?” कोणी ओरडले. हशा पिकला.

भार्गव बायकांकडे वळला. “पुढली ओळ माका ठावक नाय गो. मी घराक नव्हतंय.”

मथुरेने पदर सावरला आणि बसल्या जागेवरून, पेटीशिवाय, ती गायली:

पैलतीरी उभी आई, दिवा घेऊन हातात.

त्या पदाला वन्समोर कोणी मागितला नाही, असे सांगतात. आजही तेथे गायकनट थांबतो, पेटी थांबते, आणि बायकांमधून कोणी एक ती ओळ गाते.