सरकारांचे इटालियन बूट

सरकारांचे बूट तिसऱ्यांदा परत गेले!

बूट इटलीचे होते, गुडघ्यापर्यंतचे, घोडेस्वारीचे. हिरवड्याच्या राजवाड्यातला शेवटचा घोडा मरून तीस वर्षं झाली होती. पण श्रीमंत रणधीरराजे सरकारांना दसऱ्याच्या मिरवणुकीत मिरवायला तेच बूट हवे होते. त्यांनी दिवाणजींच्या मोबाइलवरून ते मागवले आणि पत्त्याच्या जागी लिहिलं, ‘श्रीमंत रणधीरराजे सरकार, राजवाडा, हिरवडे.’ बस्स!

आता हिरवड्यात राजवाडा लॉज होतं, राजवाडा परमिट रूम होती आणि राजवाडा मंगल कार्यालयही होतं. कुरिअरवाला पहिल्यांदा लॉजवर गेला. मॅनेजर म्हणाला, “या नावाचं कोणी उतरलेलं नाही.” दुसऱ्यांदा तो परमिट रूममध्ये गेला. तिथे तर जो तो स्वतःला सरकार म्हणवत होता! तिसऱ्यांदा तो बिचारा खऱ्या राजवाड्यावर पोहोचला, तेव्हा पहारेकऱ्याने त्याला मागच्या दाराने यायला सांगितलं. ते दार सरकारांच्याच हुकमाने बारा वर्षं बंद होतं. खोकं मुंबईच्या गोदामात गेलं. आठ दिवसांत पत्ता दुरुस्त झाला नाही तर ते थेट इटलीला रवाना होणार, असा निरोप दिवाणजींच्या मोबाइलवर आला.

“सरकार, ते जवळची खूण विचारताहेत,” दिवाणजी हात जोडून म्हणाले. “म्हणजे, राजवाडा कशाच्या जवळ आहे?”

“राजवाडा कशाच्याही जवळ नसतो!” सरकार कडाडले. “बाकी सगळं राजवाड्याच्या जवळ असतं!”

“निदान आपला फोन नंबर…”

“म्हणजे कोणीही उठून आम्हाला फोन करणार? मुळीच नाही!”

तेवढ्यात कोणीतरी फिस्सकन हसलं. ती शेवंता बाबर. राजवाड्याच्या दरवाज्यासमोर चिंचेखाली तिची भज्यांची गाडी होती. तळणाचा वास दिवाणखान्यात येतो, गाडी हलव, हे सुनावायला सरकारांनीच तिला वर बोलावलं होतं.

“हसतेस?” सरकारांच्या मिशा थरथरल्या. “एवढी शहाणी आहेस ना, मग आण आमचे बूट! आठ दिवसांच्या आत! आमच्या पत्त्यात एक अक्षर वाढवायचं नाही. आमचा नंबर द्यायचा नाही. आणि आम्ही कुठे घ्यायला जाणार नाही. नाही जमलं, तर गाडी उचल!”

“आणि जमलं तर, सरकार?”

सरकारांनी बराच विचार केला. मोठं मन करून म्हणाले, “तर दसऱ्यापर्यंत राहू दे.”

दसरा दहा दिवसांवर होता! दिवाणजींनी या उदारपणाला मान डोलावली.

शेवंता जिना उतरली. तिचे कान तापले होते. चौदा वर्षं त्या चिंचेखाली उभं राहून तिने घर चालवलं होतं. खाली येऊन तिने कढईत भजी सोडली आणि दिवाणजींना म्हणाली, “लावा फोन. ऑर्डरचा नंबर तुम्ही सांगा, पत्ता मी सांगते.”

पलीकडून मुलगी बोलली, “मॅडम, योग्य पत्ता सांगाल?”

“लिहून घ्या. शेवंता बाबर, भज्यांची गाडी, मेन रोड, चिंचेखाली, हिरवडे. आणि हा माझा मोबाइल नंबर.”

“जवळची खूण?”

“समोर एक जुना राजवाडा आहे.”

दिवाणजींच्या हातातून फोन पडता पडता राहिला!

सहाव्या दिवशी कुरिअरवाला कुठेही न चुकता सरळ गाडीपाशी आला. शेवंताने सही केली, खोकं डोक्यावर घेतलं आणि वीस पावलं चालून राजवाड्यात नेऊन ठेवलं.

सरकारांनी वरचा कागद वाचला आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. “आमच्या बुटांवर तुझा पत्ता? अट मोडलीस तू!”

“कुठे मोडली, सरकार? तुमच्या पत्त्यात एक अक्षर वाढवलं नाही. तुमचा पत्ता घातलाच नाही!”

“आणि राजवाड्याला भज्यांच्या गाडीची खूण केलीस?”

“बाकी सगळं राजवाड्याच्या जवळ असतं, हे आपलेच शब्द. माझी गाडी आहे जवळ, तेच सांगितलं.”

सरकार खुर्चीत बसून बूट चढवू लागले. एक दिवाणजींनी ओढला, एक पहारेकऱ्याने ओढला. सरकार घामाघूम झाले, दिवाणजी दोनदा पाठीवर पडले, पण टाच काही आत जाईना! इटलीची मापं वेगळी असतात, हे सरकारांना कोण सांगणार?

“लहान आहेत!” ते ओरडले. “दिवाणजी, बदलून मागवा! आणि तू गं, दसरा झाला की गाडी हलव!”

“हलवते की,” शेवंता शांतपणे म्हणाली. “पण मग हे बूट जन्मभर उशाशी ठेवायची तयारी असू द्या.”

“का?”

“बदलायचा माल ते लोक जिथे दिला तिथूनच उचलतात. नवा जोडही तिथेच आणून देतात. पत्ता आहे चिंचेखालच्या गाडीचा. गाडी नाही दिसली, तर ते पाठ फिरवून जातील. लॉजवर चौकशी करायची सवय त्यांना आहेच!”

दिवाणजींनी डोळे मिटून घेतले. आणि सरकारांना हसू फुटलं! आधी मिशीत, मग पोटातून, मग असं, की अर्धा चढलेला बूट पायातून निसटून दिवाणजींच्या अंगावर गेला.

“हरलो, बाई, हरलो!” ते डोळे पुसत म्हणाले. “दिवाणजी, दरवाज्याला लागून हिला पक्कं दुकान बांधून द्या. जागा तिच्या नावाने करा. कायमची!”

दसऱ्याला सरकार दिवाणजींचे काळे बूट घालून मिरवणुकीत निघाले. दिवाणजी मागून अनवाणी चालले होते. आणि शेवंताच्या नव्या दुकानाचं छप्पर चढत होतं.