नणंदेची कोंबडी

फार जुनी गोष्ट. नदीच्या एका काठावर एक भावजय राहायची आणि समोरच्या काठावर तिची नणंद. भावजयीकडे खुराडंभर कोंबड्या होत्या आणि पहाटे आरवून दोन्ही काठ जागे करणारा एक कोंबडा. घर त्यांच्यावरच चालायचं.

एकदा नणंद माहेरी आली ती काखेत तुर्रेबाज कोंबडी घेऊन. "वहिनी, खास तुमच्यासाठी आणलीय. सोडा खुराड्यात."

भावजयीने कोंबडीची पाठ थोपटली आणि परसाच्या पार टोकाला, चिंचेखाली, बांबूच्या डाल्याखाली तिला झाकून ठेवलं. "वन्सं, नवं पाखरू आमच्याकडे आधी वेगळं राहतं. आजार काही डोळ्यांना दिसत नाही."

"म्हणजे माझी कोंबडी रोगट? दादा, बघ तुझ्या बायकोचं!"

दादाने नेहमीप्रमाणे आढ्याकडे बघितलं. नणंद भरल्या ताटावरून उठली आणि तरातरा निघून गेली.

भावजय खूप रडली, पण डालं काही तिने उचललं नाही. आधी आपल्या कोंबड्यांना दाणे टाकायची, मग त्या पाहुणीला, आणि परतताना हातपाय खसखसून धुवायची.

थोड्याच दिवसांत पाहुणीची मान वाकडी झाली आणि ती मेली. कोंबड्यांची मानमोडीची साथच ती! भावजयीने तिला खोल खड्ड्यात चुना टाकून पुरलं. तोवर नदीकाठच्या गावोगावी खुराडी रिकामी झाली होती. नजरेला न दिसणाऱ्या एवढ्याशा रोगाने केवढा हा घास घेतला!

मग अशी एक पहाट आली की काठावरचं एकही गाव आरवलं नाही. माणसं अंगणात येऊन नुसती उभी राहिली. तेवढ्यात भावजयीच्या परसातून एकच बांग उठली, स्वच्छ आणि लांबलचक. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. काहींनी तर हात जोडले.

नणंद नदी उतरून धावत आली आणि कुंपणापाशी थबकली. "वहिनी, आत येत नाही. माझ्या पायांना आमच्या अंगणाची माती आहे."

भावजय पाण्याची घागर घेऊन बाहेर आली. तिने नणंदेचे पाय स्वतःच्या हाताने रिठ्याने चोळून धुतले. "आता या आत. तुमचं जेवण राहिलंय."

नणंदेने आपलं खुराडं चुन्याने सारवलं, कितीतरी दिवस उन्हात रिकामं ठेवलं, आणि मगच भावजयीकडची पिल्लं नदीपार नेली. पुढे एका पहाटे इकडच्या बांगेला तिकडून उत्तर आलं. दोघी आपापल्या काठावर ऐकत उभ्या राहिल्या.

तात्पर्य: आपल्या माणसावर कितीही जीव असला, तरी त्याच्यासोबत येणाऱ्या आजाराला दारातच अडवावं, त्यात कुणाचाही अपमान नसतो.