खालच्या फांदीचा गुलाब

एका जंगलाच्या कडेला, ओढ्यापलीकडच्या उतारावर, एक ससा आणि त्याची ससुली राहत असत. ससुली ज्या मळ्याजवळ लहानाची मोठी झाली, तिथे कुंपणाला जुना गावठी गुलाब होता. फिकट गुलाबी, गच्च पाकळ्यांचा, आणि वास असा की थेट बिळात यायचा. यंदा पावसाळ्यात ससुली आजारी पडली. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. कोवळं गवत पुढे केलं तरी ती मान फिरवायची. "अहो, तो गुलाब एकदा हुंगायला मिळाला ना, तर दोन घास जातील बघा," एवढंच म्हणायची. पण तो मळा तर कधीच मोडला होता. काळजीने ससा अर्धा झाला.

शेवटी त्याने माकडाला गाठलं. माकड म्हणजे जंगलातलं जाणतं प्रस्थ; निदान त्याचं स्वतःचं तरी तसं मत होतं. त्याने कुठल्याशा बंगल्यातून गुलाबाचं कलम आणून दिलं आणि वर बजावलं, "हे बघ, फांदी बंगल्यातली असली तरी खालचं मूळ दुसऱ्याच झाडाचं आहे. कलमाच्या जोडाखालून जे फुटेल ते रानटी. दिसलं की तोड. दयामाया नको!" सशाने कलम बिळाच्या तोंडाशी लावलं. जोडाखाली कोंब दिसला रे दिसला की तो दातांनी कुरतडून टाकी. थोड्याच दिवसांत वर लालभडक, टपोरं फूल आलं. ससा ते नाचत घेऊन गेला. ससुलीने हुंगलं, पुन्हा हुंगलं. वास नावालाही नव्हता. "छान आहे हो," ती म्हणाली आणि फूल हळूच उशाशी ठेवून दिलं. सशाला तेव्हा फार वाईट वाटलं.

मग महिना-दीड महिना तो ससुलीजवळून फारसा हललाच नाही, कलमाकडे बघणंही राहून गेलं. तेवढ्या दिवसांत जोडाखालच्या कोंबांची झुडपासारखी दाटी झाली. ससा दात परजून गेला, तर आतून एक मुनिया चिवचिवली, "ससेभाऊ, थांबा हो! काटे बघून इथे घरटं बांधलंय. आत पिल्लं आहेत माझी."

"अगं, पण हे रानटी आहे. माकडदादाने सांगितलंय."

"असू द्या रानटी. पिल्लं उडाली की तोडा, मी काही बोलणार नाही."

ससा पुटपुटत मागे फिरला. मनात म्हणाला, आजारपण कुणाच्याही घरी वाईट आणि घर मोडणं त्याहून वाईट. त्या पावसात कलमाची वरची फांदी काळी पडत गेली आणि एक दिवस वाळून मोडली. आता तर सगळंच उपटून टाकायचं, असं ठरवून ससा पिल्लं उडायची वाट पाहत बसला.

पाऊस सरला, सकाळी गारवा जाणवू लागला आणि पिल्लं उडाली. ससा त्याच दिवशी झाड उपटायला गेला, पण जवळ जाताच जागीच थबकला. वास! खालच्या फांदीवर फिकट गुलाबी, गच्च पाकळ्यांचं एक फूल उमललं होतं. त्याने ते जपून ससुलीच्या नाकाशी धरलं. तिने डोळे मिटले आणि कितीतरी वेळ ते उघडलेच नाहीत. मग म्हणाली, "अहो, तोच हा! कुठे हो मिळाला?"

"दारातच होता गं," ससा रडवेला होऊन म्हणाला. "याच दातांनी मी तो रोज कुरतडत होतो."

ससुली हसली आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच म्हणाली, "भूक लागलीय."

ससा धावत मुनियेकडे गेला. "मुनियाताई, तुझे उपकार कसे फेडू?"

मुनिया लाजली. "मी तर माझ्या पिल्लांसाठी रडले हो. आभार मानायचे तर त्या गावठी मुळाचे माना. इतके दिवस दुसऱ्याचं फूल डोक्यावर घेऊन ते गप्प उभं होतं."

तेव्हापासून ससा रोज सकाळी आधी मुळाला पाणी घालतो, हात जोडतो आणि मगच फुलाकडे बघतो. ससुली मात्र आधी फूल हुंगते आणि लगेच न्याहारी मागते.

तात्पर्य : दुसऱ्याच्या सांगण्यावरून ज्याला टाकाऊ ठरवलं, त्याला एकदा वाढून तर बघू द्यावं, आणि फूल हाती आलं की ज्याच्या जिवावर ते उमललं, त्या मुळाला विसरू नये.