सरकारांची उचकी

आवळगावचे सरकार विलायतेहून परतले आणि त्यांनी दवंडी पिटवली. आजी-आजोबांनी सांगितलेली कुठलीही गोष्ट पुराव्याशिवाय बोलायची नाही. बोलेल त्याने गाव सोडायचं. रात्री नखं कापू नकोस, उंबऱ्यावर बसू नकोस, असलं काही गावात ऐकू येईना. आया मुलांना नुसत्या डोळ्यांनी दटावू लागल्या.

एके दिवशी म्हाळसा नावाच्या बाईच्या लेकीला उचकी लागली. सवयीने म्हाळसा बोलून गेली, "मामानं आठवण काढली वाटतं तुझी." शिपायाने ते ऐकलं आणि तिला दरबारात उभं केलं.

"आठवण काढली की उचकी लागते, हे तुला कोणी सांगितलं?" सरकारांनी विचारलं.

"माझ्या आजीनं, सरकार."

"मग ऐक. या मुलखात लहानथोर सगळे उठता-बसता माझी आठवण काढतात. तरी मला जन्मात एकदाही उचकी लागलेली नाही. आता तूच सांग, तुझी आजी खोटी की नाही?"

सगळ्या दरबाराने माना डोलावल्या.

म्हाळसेने पदर सावरला. "सरकार, मी पुरावा कुठून आणणार, या काळजीत होते. तो तुम्हीच दिलात. आजी खरंच बोलायची."

दरबारात कोणी हसलं नाही. हसण्याची सोय नव्हती. हिला गावाबाहेर काढावं, तर ही गोष्ट तिच्याबरोबर गावोगाव जाणार. मग सरकारांना एकाएकी मोठ्याने उचकी लागली.

"पाणी आणा," ते म्हणाले. "कोणीतरी आठवण काढतंय."