बिनवाक्याचा दारवान

"एकही वाक्य नसलेली भूमिका मी घ्यायची? मास्तर, तुम्हीच सांगा!"

रेनातो दारातूनच बोलत आत आला. नेपल्सच्या नाटकमंडळींत त्याचं नुकतंच नाव झालं होतं, आणि स्वारी नाकावर माशी बसू देत नव्हती. सिनेमात जायचं त्याचं लहानपणापासूनचं स्वप्न. बोलावणं आलं, पण दारवानाच्या कामासाठी! होकार की नकार, ते संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

ओत्ताव्हियो मास्तर खिडकीपाशी संत्रं सोलत बसले होते. जन्मभर त्यांनी सिनेमात पाद्री, वेटर, न्हावी अशी किरकोळ कामं केली. चेहरा साऱ्या इटलीच्या ओळखीचा, नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही.

बाहेर दुपार पेंगत होती. समुद्रसुद्धा डोळे मिटून पडला होता.

"तुमचा तो पाद्री..." रेनातो म्हणाला. "बुडालेल्या कोळ्यासाठी प्रार्थना म्हणतो तो. बाबा बोटीवरून परतले नाहीत, त्याच साली तो सिनेमा पाहिला आम्ही. आई ढसाढसा रडली होती. तशी वाक्यं मला मिळू द्या, मग बघा!"

"वाक्यं कुठली? तेव्हा आवाज मागाहून भरत, तोही दुसऱ्याच कुणाचा. पाठ नसलं की आम्ही कॅमेऱ्यासमोर आकडे म्हणायचो."

"म्हणजे त्या प्रार्थनेत..."

"एकवीस, बावीस, तेवीस."

रेनातोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई आकड्यांवर रडली होती?

"ही तर लबाडी झाली, मास्तर!"

मास्तरांनी संत्रं खिडकीत ठेवलं. उठले, दाराशी गेले. कडीवर हात ठेवून थांबले... बाहेर कानोसा घेत. मग त्यांनी दार हळूच उघडलं, वाट देण्यासाठी एक पाऊल मागे सरले, आणि रिकाम्या जिन्याकडे बघत पुटपुटले,

"एक... दोन..."

खारा वारा आत आला. रेनातो कधी उभा राहिला, त्याचं त्यालाच कळलं नाही. जिन्यावर ओल्या बुटांचा आवाज होत होता. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. बाबा बोटीवरून परतत, तेव्हा असाच यायचा.

"कोण... कोण आलं, मास्तर?"

मास्तरांनी खिडकीतलं अर्धं सोललेलं संत्रं पुन्हा हातात घेतलं.

"मला काय ठाऊक? मी तर नुसतं दार उघडलं."