शबलाच्या तोंडचा घास

पूर्वी वेत्रवती नगरीत राजा सुषेण राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. त्याने राजाकडून एक कायदा करवून घेतला. बैलाला पराणीची टोकदार आर टोचायची नाही. ज्याचा बैल जखमी दिसेल त्याने कामधंदा सोडून त्याची शुश्रूषा करायची आणि बैल त्याच्या हातून न बिचकता चारा खाईल तेव्हाच सुटायचे.

राजगोठ्याचा प्रमुख कुंडधर याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याची उभी हयात बैलांत गेलेली, आणि आता गाडीवान वाकून नमस्कार करीत ते अमात्याला! राजाने भर दरबारात अमात्याची पाठ थोपटली, त्या दिवशी तर कुंडधराच्या घशाखाली घास उतरला नाही.

शेवटी अमात्य दरबारात असताना कुंडधर अमात्याच्या गोठ्यात शिरला, शबल नावाच्या बैलाच्या पुठ्ठ्यात त्याने आर खुपसली आणि तसाच राजाकडे तक्रार घेऊन धावला.

राजा अमात्याला घेऊन गोठ्यात आला. रक्त पाहून अमात्याने बोटातली पदाची मुद्रा काढून ठेवली. "महाराज, बैल माझा, राखण माझी. शिक्षा मलाच."

कुंडधराला आनंद मावेना. "मग द्या की चारा! बघू किती महिने लागतात ते."

अमात्याने मूठभर गवत पुढे केले. शबलाने ते खाल्ले आणि त्याचा हातही चाटला.

"हावरट आहे तो! कुणाच्याही हातचं खाईल," असे म्हणत कुंडधराने तिरमिरीत स्वतःच गवत पुढे धरले. शबल दावे ताणून मागे सरला आणि थरथर कापू लागला.

सगळ्यांना सगळे कळले. राजाचा हात तलवारीकडे गेला.

"महाराज, आपल्या कायद्यात तलवार नाही, चारा आहे," अमात्य म्हणाला आणि त्याने हळदीची वाटी कुंडधरापुढे धरली.

"म्हणजे रोज तुमचं तोंड बघू?"

"माझं कशाला? त्याचं बघ."

जखम लवकर भरली, पण शबल काही जवळ येईना. तो अमात्याचा हात चाटी, तेव्हा कुंडधर जळफळे. मात्र हळूहळू त्याला अमात्याचे पद नकोसे झाले. हवा होता फक्त तो एक घास. एका सकाळी शबलाने मान पुढे केली आणि त्याच्या ओंजळीतले गवत खाल्ले. कुंडधर त्याच्या गळ्यात पडून रडला. सुटका झाली तरी तो गोठा सोडून गेला नाही.

एवढे सांगून तथागतांनी, सोबत्याची स्तुती ऐकून भिक्षा न घेता रुसून बसलेल्या भिक्षूकडे पाहिले. "भिक्षू, तो अमात्य मी होतो. कुंडधर तू होतास. आणि ज्याचा तू आज हेवा करतोस, तोच शबल होता. त्याने तुला तेव्हाच क्षमा केली."

भिक्षू उठला आणि सोबत्याशेजारी जेवायला बसला. ही कथा मैत्रीपारमितेची, म्हणजे मैत्रीभावाच्या परिपूर्णतेची.